टॅरोचं बारावं पान तीनदा निघालं. हा उलटा टांगलेला माणूस नक्की कोण?

गोदाकाठची (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वाढदिवसाला भाचीने टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांचा, संच दिला. ती कॉलेज रोडच्या एका कॅफेत कुणाकडून तरी शिकून आली आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण चित्रं आवडली. मग सवय लागली: सकाळी चहा उकळेपर्यंत पत्ते पिसायचे, एक पान काढायचं आणि त्याचा नंबर कॅलेंडरवर लिहायचा, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. काल तीस दिवस झाले. बघते तर बारा नंबर तीनदा.

पान असं आहे. टी अक्षरासारखं लाकूड, त्याला पालवी फुटलेली. त्यावरून एक माणूस एका पायाने उलटा लटकतोय. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे नेलेला. निळा अंगरखा, लाल विजार, पिवळे जोडे. हात पाठीमागे. डोक्याभोवती देवांच्या फोटोत असतं तसं पिवळं तेजोवलय. आणि चेहरा? दुपारी जेवून आडवा झाल्यासारखा निवांत.

सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "घरात फाशीचं चित्र कशाला? गंगेत सोडून ये." (आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो.) भाची म्हणते, "मावशी, थांबायचा संकेत आहे, सरेंडर कर." कशाला सरेंडर करू ते तिलाही सांगता येईना.

ही फाशी आहे का? असेल तर हा इतका खूश का? आणि तीनदा का?

शंकासुर
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकी दोन जाणकारांना सोडतो.

पानं ७८. रोज सगळी पिसून एक काढायचं, असे ३० दिवस. बारावं पान तीन किंवा जास्त वेळा निघण्याची शक्यता हजारात जेमतेम सात. ऐकून अंगावर काटा येतो. पण ताई, बारावंच मोजायचं असं तुम्ही पहिल्या दिवशी ठरवलं होतं का? नव्हतं. उद्या सम्राज्ञी तीनदा निघाली असती तर "सम्राज्ञी तीनदा का" असा धागा आला असता. ७८ पैकी *कुठलंतरी* पान महिन्यात तीनदा निघण्याची शक्यता शंभरात साधारण ४० आहे. म्हणजे तुमच्यासारख्या दहा बायकांनी हा उद्योग केला तर चौघी हा धागा काढतील.

तर्रीकमी
आणि उरलेल्या सहा जणी प्रतिसाद देतील.

चंद्रकोर
शंकासुर, गणित मान्य. पण ताईंनी अर्थ विचारलाय. मी आठ-नऊ वर्षं पानं वाचते, हौस म्हणून.

ही फाशी नाही. गळ्याला दोर नाही, घोट्याला आहे. तुमच्याकडचा संच रायडर-वेट-स्मिथ पद्धतीचा दिसतो, १९०९ साली लंडनहून निघालेला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. वेट यांनी या पानाबद्दल तीन गोष्टी मुद्दाम लिहिल्यात. लाकूड जिवंत आहे, म्हणून पानं दाखवली. चेहऱ्यावर यातना नाही, तंद्री आहे. आणि हे आयुष्य लोंबकळत थांबलेलं आहे, पण आयुष्यच आहे, मरण नव्हे. मृत्यूचं पान वेगळं, ते लगेच पुढचं, तेरावं.

मुडपलेल्या पायाकडेही बघा. सरळ पायावर आडवा पाय, त्यातून होणारी आकृती वेट यांनी स्वस्तिकासारखी म्हटली आहे. आता एकविसावं पान, जग, काढून शेजारी ठेवा. त्यातली नाचणारी बाई असाच पाय मुडपून आहे, फक्त सुलटी. बाराचे आकडे उलटे केले की एकवीस. ठरवून केलं की जमून आलं, माहीत नाही, पण मी कुणाला शिकवताना ही दोन पानं कायम जोडीने दाखवते.

वाचनमात्र
वाचतेय.

पानसुपारी
चंद्रकोर, ही झाली १९०९ नंतरची गोष्ट. त्याआधीची साडेचारशे वर्षं हे पान चांगलंच बदनाम होतं.

टॅरो मुळात भविष्याचं साधन नव्हतंच, खेळायचे पत्ते होते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेली पानं अजून शिल्लक आहेत, त्यात हा बुवा आहे. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरोने डाव खेळतात, बोली लावतात, हात करतात, आपल्या मेंढीकोटासारखं.

तर जुन्या इटालियन याद्यांत या पानाचं एक नाव चक्क 'गद्दार' आहे. तिकडे फितूर पळून गेला, हाती लागला नाही, की त्याचं चित्र भर चौकातल्या भिंतीवर रंगवायचे. बऱ्याचदा असंच, एका पायाने उलटं टांगलेलं. येता-जाता लोकांनी बघावं आणि खानदानाची लाज जावी म्हणून. फ्लोरेन्समध्ये १४७८ च्या कटानंतर कटवाल्यांची टांगलेली चित्रं काढायचं काम बोत्तिचेल्लीसारख्या चित्रकाराकडे होतं. म्हणजे त्या काळच्या माणसाने हे पान उचललं तर त्याला तंद्री-बिंद्री काही दिसत नसणार. त्याला दिसायचा खंडोजी खोपडे.

धागाकर्तीच्या सासूबाई इतिहासाच्या जास्त जवळ आहेत असं माझं मत.

तर्रीकमी
सासूबाई १, भाची ०.

शंकासुर
टॅरो इजिप्तहून आलं वगैरे कॅफेत सांगतात, त्याचं काय?

पानसुपारी
तो कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाचा प्रताप, साल १७८१. चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचता येत नव्हती, त्यामुळे काहीही खपायचं. गंमत अशी, की या बाराव्या पानाने त्याचीही पंचाईत केली. त्याला पानांमध्ये चार सद्गुण हवे होते. न्याय सापडला, संयम सापडला, धैर्य सापडलं, विवेक काही सापडेना. मग त्याने ठरवलं, की हाच विवेक! एका पायावर उभा, दुसरं पाऊल कुठे टाकावं याचा विचार करणारा. फक्त कुणा अडाणी पत्तेवाल्याने पान उलटं छापलं आणि तीच चूक पुढे चालत राहिली.

अश्वत्थ
हे वाचून इतक्या वेळ गप्प बसलो त्याचं आश्चर्य वाटतंय. अहो, आपल्याकडे हा माणूस कधीचा आहे. त्रिशंकू! रामायणात, बालकांडात. सदेह स्वर्गात जायचा हट्ट. विश्वामित्रांनी पाठवला, इंद्राने ढकलला, खाली डोकं वर पाय असा पडायला लागला तेव्हा विश्वामित्रांनी मध्येच "थांब" म्हणून अडकवला. तो अजून तिथेच आहे. डोक्याभोवती तेज का, तर बिचारा ताऱ्यांमध्ये आहे.

आणि ते झाड: "ऊर्ध्वमूलमधःशाखम्", गीतेचा पंधरावा अध्याय, पहिलाच श्लोक. मुळं वर, फांद्या खाली. ज्ञानेश्वर माउलींनी या उलट्या झाडावर केवढ्या ओव्या घातल्यात. उलट्या झाडाला सुलटा माणूस कसा दिसेल? उलटाच.

चंद्रकोर
अश्वत्थ, त्रिशंकूचं साम्य मीही सांगते, पण एक फरक आहे. त्रिशंकू अडकला. या पानातला माणूस स्वतःहून लटकलाय असा अर्थ घेतात. उत्तरेकडच्या पुराणांत ओडिन देव ज्ञानासाठी नऊ रात्री झाडाला टांगून घेतो, तसा.

पानसुपारी
स्वतःहून हे कशावरून? हात पाठीमागे आहेत. बांधलेत की नुसते ठेवलेत, चित्रात दिसतच नाही. सगळी मेख तिथे आहे. गद्दार म्हणा नाहीतर साधू म्हणा, ते त्या न दिसणाऱ्या हातांवर ठरणार.

सिन्नरकर
दोर बांधून, मग स्वतःचे हात मागे बांधून, मग उलटं लटकायचं. एकट्याने करून दाखवा कुणीतरी.

तर्रीकमी
सिन्नरहून कुंभमेळ्याला येताय ना २०२७ ला? साधुग्राममध्ये विचारा. तिकडे एक हात वर्षानुवर्षं वर धरलेले महाराज मी २०१५ ला डोळ्यांनी पाहिलेत. लटकणारेही सापडतील.

जुनंखोड
मला टॅरो वगैरे माहीत नाही. नात हा धागा वाचत होती, तिने चित्र दाखवलं. म्हटलं, हा तर मी.

१९९४. आडगावजवळ हायवेवर स्कूटरला ट्रकने घासलं, उजव्या मांडीचं हाड मोडलं. सहा आठवडे ट्रॅक्शन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: नडगीतून आरपार पिन, पिनेला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, टोकाला वजन. वजनाने माणूस पायथ्याकडे घसरू नये म्हणून पलंगाच्या पायथ्याखाली विटा. म्हणजे पाय वर, डोकं खाली, अगदी चित्रात आहे तसं. फरक इतकाच, की माझ्या डोक्याभोवती तेज नव्हतं, उशीवर तेलाचा डाग होता.

सहा आठवडे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची मला आधी हनुवटी दिसायची. माणूस खालून फार वेगळा दिसतो. माझे साहेब आले तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ते बोलायच्या आधी आवंढा गिळतात. वीस वर्षं घाबरत होतो त्या माणसाला. झाडूवाली वाकली, पलंगाला किंचित धक्का लागला, की वजन हलायचं आणि ते थेट मांडीत कळायचं. चहा बशीतून, तोही निम्मा कानात. तिसऱ्या आठवड्यात मी रडलो होतो, बायकोला अजून माहीत नाही.

तेव्हा "स्वतःहून", "सरेंडर" वगैरे वाचलं की हसू येतं. मला कुणी विचारलं नव्हतं. पण ट्रॅक्शन काढलं त्या दिवशी साहेबांची भीती गेलेली होती, तेही खरं. दोन्ही लिहून ठेवतो, तुम्ही काय ते ठरवा.

वाचनमात्र
काका _/\_

चंद्रकोर
काका, आठ वर्षांत मी या पानावर जेवढं बोलले असेन, ते सगळं तुमच्या त्या हनुवटीत आहे. एक दुरुस्ती मात्र माझ्याच विधानाला: "स्वतःहून" हे मी घोकलेलं वाक्य होतं. पानसुपारींचा हातांचा मुद्दा पटला.

शंकासुर
काकांचा अनुभव थोरच. पण चंद्रकोर, बघा, आता काय झालं? पान कुणालाही लागू पडलं. त्रिशंकूला, गद्दाराला, मांडी मोडलेल्याला. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "तुमचं स्वभाववर्णन" म्हणून कागद दिला. किती अचूक आहे त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. आणि कागद सगळ्यांना एकच दिला होता, भविष्याच्या पुस्तकातली वाक्यं जोडून बनवलेला. "तुम्ही थांबलेल्या अवस्थेत आहात" हे वाक्य नाशकातल्या कुणाला लागू होणार नाही? द्वारका चौकात संध्याकाळी सहा वाजता सगळं शहर बारावं पान असतं.

तर्रीकमी
द्वारकेला तेजोवलय म्हणजे रिक्षावाल्याचा हायबीम.

बागायतदार_निफाड
राम राम मंडळी. पहिल्यापासून वाचतोय, बागेत फवारणी चालू होती म्हणून उशीर.

पानसुपारी दादांनी सांगितल्यावर पोराला जुनी चित्रं शोधायला लावली. मार्सेयचा म्हणून जो फ्रेंच पत्ता आहे त्यात हा गडी दोन खोडांच्या मध्ये टांगलाय, आणि दोन्ही खोडांच्या फांद्या छाटलेल्या. बुडखे नुसते. पाहिल्याबरोबर पोराला म्हटलं, अरे ही तर खरड छाटणी!

शहरातल्या लोकांसाठी सांगतो. द्राक्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. माल ऑक्टोबरच्या छाटणीला लागतो, ते सगळ्यांना दिसतं. पण घड ठरतो कधी? एप्रिल छाटणीनंतर जी नवी काडी फुटते तिच्या डोळ्यात, साधारण ४० ते ६० दिवसांत. सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात तिला. त्या काळात बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. नुसता पाला. उलट पाणी कमी करायचं, शेंडा मारायचा, वेलीला वाढू द्यायचं नाही. नवा माणूस असला की घाबरतो, बाग वाळतो का काय म्हणून पाणी सोडतो. मग वेल नुसती पळते आणि ऑक्टोबरात काडीवर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. वर्ष गेलं.

आमच्या वडलांच्या टायमाला ऑक्टोबरपर्यंत देवावर हवाला. आता काड्या लॅबला देतो, ते डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, घड आहे का नाही. पण चिरलेला डोळा परत फुटत नाही बरं का. रोज उठून चिरून बघायला लागलो तर बाग संपला.

शंकासुर दादा, ते द्वारकेचं थांबणं आणि हे थांबणं एक नाही. एकात आत काही चालू नसतं.

शंकासुर
...बागायतदार, याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. नोंदवून ठेवतो.

तर्रीकमी
तारीख लिहून ठेवा रे. शंकासुर गप्प.

अनामिक_पाहुणा
या सगळ्या पाश्चात्त्य फॅडांपेक्षा आपलं पंचांग काय वाईट आहे?

पानसुपारी
पाहुणे, पत्ते आपले नाहीत हे कुणी सांगितलं? सावंतवाडीची गंजिफा बघा. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा. गोल, लाखेची चकाकी असलेली. आणि युरोपातले पत्तेसुद्धा पूर्वेकडून, इजिप्तच्या मामलुकांकडून गेले. पेले, तलवारी, नाणी हे टॅरोतले रंग त्यांचेच. चौथा रंग त्यांच्याकडे पोलोची काठी होता, युरोपात पोलो कुणाला माहीत नव्हता म्हणून त्याचा नुसता सोटा झाला.

सिन्नरकर
रच्याकने, लहानपणी आजीबरोबर गंगेवर गेलं की पोपटवाला असायचा. पिंजऱ्यातून पोपट बाहेर यायचा, रांगेतून एक पाकीट ओढायचा, दाणा खाऊन परत आत. आजीला एकदा निघालं "परदेशगमन". आजी सिन्नरच्या बाहेर नाशिक आणि पंढरपूर सोडून कुठे गेली नव्हती. आयुष्यभर त्या पोपटाला शिव्या घालत होती.

तर्रीकमी
कॅफेवाली ताशी किती घेते? पोपट एका दाण्यात करायचा.

चंद्रकोर
:) मी घेत नाही. पण पामेलाबाईंचं सांगू का. त्यांनी हे सगळं काम संपवल्यावर एका पत्रात लिहिलंय, की मोठं काम झालं, पैसा मात्र फार थोडा. या पद्धतीची पानं आज जगभर विकली जातात. बाई १९५१ मध्ये गेल्या त्या कर्जात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांची वळवळती सही आहे, भिंगातून बघा. टांगलेला माणूस शोधायचा तर तिथे आहे.

बरं, धागाकर्ती कुठे गेल्या? आम्हीच बोलतोय. ताई, तुमचं काय थांबलंय ते तुम्ही सांगितलंच नाहीत. सांगायचं नसेल तर राहू द्या.

गोदाकाठची
वाचतेय सगळं. काकांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, पोपटाचं वाचून हसले. सांगते.

आमचा वाडा आहे, जुन्या नाशकात, गंगेपासून दोन बोळ सोडून. माझं माहेर. आता तिथे कुणीच राहत नाही. तीन चुलतभाऊ आणि मी, चार वारस. विकसनाला द्यायचा करार तयार आहे. तीन वर्षं कागद पडून आहेत.

वाड्याच्या चौकात एक सागवानी खांब आहे. वडील त्यावर पुराच्या खुणा करायचे. आधी चाकूने खाच, मग तेलरंगाने साल. १९६९ ची खाच आजोबांच्या हातची, माझ्या कपाळाच्या उंचीची. २००८ ची वडिलांनी केली तेव्हा हात थरथरत होता, त्यामुळे आठ आकडा मोडलेला आहे. दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी आलं यावरून शहर पूर मोजतं, आमच्याकडे तो खांब होता. लहानपणी पूर ओसरला की आम्ही चौघं रांगेने खांबाला पाठ लावून उभे राहायचो, यंदा कोण बुडालं असतं ते बघायला.

जुनंखोड
६९ चा पूर मी पाहिलाय, सराफ बाजारातून. तो खांब जपा पोरी.

सिन्नरकर
तीन वर्षं! असे भाऊ असतात एकेक. एकाची सही अडली की सगळं घर लटकतं. आमच्याकडेही एक महाभाग आहेत. ताई, कोण अडवतंय? वकिलाची नोटीस द्या सरळ.

चंद्रकोर
सिन्नरकर, थांबा जरा. ताई, या पानाचं तत्त्व जल मानतात. वेट आणि पामेला गूढविद्येच्या ज्या गोल्डन डॉन मंडळात होते त्यांच्या मांडणीत बाराव्या पानाला पाणी दिलेलं आहे. मी काही म्हणत नाही, तुमचा खांब वाचून आठवलं इतकंच.

गोदाकाठची
सिन्नरकर, भावांना शिव्या देऊ नका. तिघांच्याही सह्या झाल्यात. सही माझी बाकी आहे.

तर्रीकमी
अरे बापरे.

पानसुपारी
:|

सिन्नरकर
माफ करा ताई. नोटिशीचं मागे घेतो.

शंकासुर
इथे मी पुन्हा येतो, आणि या वेळी गणित नाही. चार दिवस आपण सगळे विचारतोय, की ताईंना कुणी टांगलं. मग त्या तीन भावांचं बारावं पान कुणी काढायचं? एखाद्याला घराचा हप्ता असेल, पोराची फी असेल. ताई, रागावू नका. मी त्यांच्या जागी राहिलोय. आमच्या आत्याची सही सहा वर्षं आली नाही. ती दर दिवाळीला प्रेमाने फराळ पाठवायची, आणि आम्ही प्रेमाने खायचो, आणि वडिलांचं ऑपरेशन कर्ज काढून झालं.

बागायतदार_निफाड
दादा, जरा जास्त झालं.

वाचनमात्र
जास्त नाही झालं. मीही अशीच एक आत्या आहे. पहिल्यांदाच चार शब्द लिहितेय. सही न करण्यात एक सुख असतं. सगळे आपल्याला फोन करतात. सही झाली, की फोन थांबतील याची भीती असते. तेजोवलय वगैरे मला त्यातलंच वाटलं.

चंद्रकोर
वाचनमात्र, हे कुठल्या पुस्तकात नाही सापडलं मला. वेट यांनी उलट्या निघालेल्या बाराव्या पानाचा अर्थ मात्र मोजक्या शब्दांत दिलाय, त्यातला पहिला शब्द आत्ता मुद्दाम उघडून बघितला. स्वार्थ. ताई, तीनपैकी कितीदा उलटं निघालं होतं?

गोदाकाठची
उलटं-सुलटं मी बघतच नव्हते. नुसता नंबर लिहायचे.

शंकासुर, रागावले होते, रात्री. सकाळी नाही. धाकट्याच्या मुलीचं लग्न आहे डिसेंबरात, ते मला माहीत होतं आणि मी त्याचा या कागदांशी संबंध लावला नव्हता. फोनवर तो विषय काढत नाही कधी. तब्येत विचारतो, पाऊस विचारतो.

जुनंखोड
खांब कापून घेता येतो. आमच्या ओळखीतल्यांनी वाड्याची महिरप अशीच काढून नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात बसवली. सुतार जुना बघा. पाडणाऱ्या ठेकेदाराच्या हाती देऊ नका, तो जळणात घालेल. आणि कापायच्या आधी जमिनीपासून प्रत्येक खाचेची उंची फूट-इंचात लिहून घ्या, नाहीतर नंतर ती नुसती नक्षी.

पानसुपारी
काकांना +१. आणि फोटो काढताना शेजारी टेप धरून काढा. नाशकाच्या पुरांवर काम करणाऱ्या कुणालाही सोन्यासारखं आहे हे.

गोदाकाठची
रविवारी जाऊन आले. धाकट्याला बरोबर नेलं. टेप त्याने धरली, मी लिहून घेतलं. ६९ ची खाच चौकाच्या फरशीपासून ४ फूट १० इंच. फरशी मध्ये एकदा बदलली होती, आधीची तीन बोटं खाली होती असं तो म्हणतो, मला आठवत नाही. त्यावरून आम्ही अर्धा तास भांडलो. कागदांचं काही बोललो नाही. तो सुताराला विचारणार आहे.

आता तुमच्यासाठी बातमी. घरी आले तर बारावं पान संचात नाही. सासूबाईंनी फ्रिजवर लावलंय, चुंबकाने, आणि उलटं. म्हणजे माणूस सुलटा. म्हटलं, आई, तुम्हीच गंगेत सोडायला सांगत होतात ना? तर म्हणाल्या, "मी चष्मा नसताना बघितलं होतं. हा कुठे फाशी गेलाय, लंगडी घालतोय की पोरगं."

पानसुपारी
कूर द जेबलँनंतर थेट तुमच्या सासूबाई! त्याला विवेक दिसला, यांना लंगडी. दंडवत सांगा.

तर्रीकमी
सासूबाई २. सामना संपला. मिसळ कुणाकडून?

शंकासुर
लंगडीत हात मागे धरायचे असतात का?

सिन्नरकर
आमच्या शाळेत धरायचे. पुढे घेतले की बाद.

बागायतदार_निफाड
पाय टेकला तरी बाद. मिसळ माझ्याकडून, पण ऑक्टोबरात या, काड्यांचा रिपोर्ट आल्यावर. आत्ता नुसता पाला आहे.